नागरी वायुप्रदूषणाचे उपग्रहीय निरीक्षण

नागरी वायुप्रदूषणाचे उपग्रहीय निरीक्षण : कृत्रिम उपग्रहांवरील उपकरणांच्या साहाय्याने शहरांवरील हवेतील प्रदूषक वायू व सूक्ष्मकण यांचे प्रमाण दुरून मोजणे आणि अशा मोजमापांच्या अनेक वर्षांच्या मालिकेवरून प्रदूषण वाढत आहे की घटत आहे हे ठरविणे, या दोन्ही गोष्टींचा या संज्ञेत समावेश होतो. जमिनीवरील मापनकेंद्र सभोवतालची हवा प्रत्यक्ष आत ओढून घेते व तिचे विश्लेषण करते. उपग्रहाला हवेचा नमुना घेता येत नाही. तो हवेतून आलेल्या प्रकाशाचे विश्लेषण करतो. त्यामुळे त्याला मिळणारी माहिती माणूस श्वासाबरोबर घेतो त्या हवेविषयीची नसून जमिनीपासून वातावरणाच्या वरच्या थरांपर्यंतच्या संपूर्ण हवास्तंभाविषयीची असते. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा ही दोन्ही या एकाच गोष्टीतून उद्‌भवतात.

गरज : भारतात हवेच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय पातळीवरील मापन १९८४ मध्ये सुरू झाले. तथापि मापनकेंद्रे मुख्यत्वे मोठ्या शहरांत एकवटलेली असून लहान शहरे, खाणींच्या व कारखान्यांच्या परिसरातील गावे आणि ग्रामीण भाग यांत ती फार विरळ आहेत. एकाच शहरातही हमरस्त्यालगतचे केंद्र व उद्यानातील केंद्र यांच्या नोंदींत मोठी तफावत पडते. केंद्राची जागा बदलली, उपकरण काही काळ बंद पडले किंवा नवीन केंद्रांची भर पडली, तर शहराची सरासरी बदलते. परंतु तो बदल हवेतील नसतो. दोन देशांतील केंद्रांच्या पद्धती भिन्न असल्यास त्यांची तुलनाही अवघड होते. उपग्रह मात्र एकाच उपकरणाने व एकाच रीतीने सर्व देशांतील शहरांची पाहणी करतो आणि ज्या गावात एकही केंद्र नाही, त्याचीही नोंद घेतो.

इतिहास : उपग्रहावरून वातावरणातील वायूंचे मापन करण्याचा प्रारंभीचा हेतू नागरी प्रदूषणाचा नव्हता. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावर एकूण ओझोनचे मापन करणारे ‘टॉम्स’ हे उपकरण होते. १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचॉन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्यातून बाहेर पडलेला सल्फर डाय-ऑक्साइड वायू याच उपकरणाच्या नोंदींत ओळखता आला व दुसऱ्या वायूंचेही असे मापन करता येईल हे स्पष्ट झाले. याच सुमारास जर्मनीमध्ये उलरिख प्लाट व डीटर पेर्नर यांनी विभेदक प्रकाशीय शोषण वर्णपटविज्ञान ही पद्धत जमिनीवरील मापनासाठी विकसित केली. पुढे तीच उपग्रहांवरील मापनाचा पाया ठरली.

एप्रिल १९९५ मध्ये यूरोपीय अवकाश संस्थेने सोडलेल्या ईआरएस-२ या उपग्रहावरील ‘गोम’ या उपकरणाने शहरी व औद्योगिक प्रदेशांवरील नायट्रोजन डाय-ऑक्साइडचे जागतिक नकाशे प्रथम उपलब्ध करून दिले. त्याच्या एका मोजमापाची चौकट (एका वेळी पाहिले जाणारे क्षेत्र) ३२० × ४० किमी. होती, म्हणजे ती बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाच्या विसपटीहून मोठी होती. २००२ मध्ये सोडलेल्या एन्व्हिसॅटवरील ‘स्कियामाची’ची चौकट ६० × ३० किमी., तर १५ जुलै २००४ रोजी सोडलेल्या ऑरा उपग्रहावरील नेदर्लंड्स व फिनलंड यांनी पुरविलेल्या ‘ओमी’ या उपकरणाची चौकट उपग्रहाच्या थेट खाली २४ × १३ किमी. होती. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरील ‘ट्रोपोमी’ने सुरुवातीस ७ × ३.५ किमी. व ऑगस्ट २०१९ पासून ५.५ × ३.५ किमी. इतक्या लहान चौकटीत मोजमाप केले. या चौकटीचे क्षेत्रफळ सु. १९ चौ. किमी. असल्याने एका महानगराचे अनेक भाग अलगपणे पाहणे शक्य झाले. सूक्ष्मकणांच्या मापनासाठी टेरा (१९९९) व ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील ‘मोडिस’ या उपकरणांचा सर्वाधिक उपयोग झाला आहे. भारताच्या इन्सॅट-३डी (२०१३) व इन्सॅट-३डीआर (२०१६) या भूस्थिर उपग्रहांवरूनही वायुकलिलाची (हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्मकणांची) मोजमापे काढण्यात आली आहेत.

वायूंच्या मापनाचे तत्त्व : सूर्यप्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवरून किंवा हवेतूनच परावर्तित होतो आणि पुन्हा वातावरणातून वर जाऊन उपग्रहापर्यंत पोहोचतो. या प्रवासात प्रत्येक वायू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. नायट्रोजन डाय-ऑक्साइडचे शोषण निळ्या प्रकाशात, सु. ४०० ते ४६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, ठळकपणे आढळते. सल्फर डाय-ऑक्साइडचे शोषण जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणात होते. हवेचे रेणू, धूळ व जमीन यांच्यामुळेही प्रकाशाची तीव्रता बदलते. परंतु हा बदल तरंगलांबीनुसार सावकाश होतो. उलट वायूच्या शोषणाचा आलेख कंगव्याच्या दातांसारखा खालीवर होणारा असतो. सावकाश बदलणारा भाग वजा केला की उरलेल्या दातांच्या खोलीवरून वायूच्या रेणूंची संख्या काढता येते. ‘विभेदक’ या शब्दाने हेच सूचित होते [⟶ वर्णपटविज्ञान].

या रीतीने मिळणारी संख्या प्रकाशाच्या तिरकस मार्गावरील रेणूंची असते. सूर्य व उपग्रह यांचे कोन, जमिनीची परावर्तकता, ढग आणि वायूचे उंचीनुसार वितरण हे घटक विचारात घेऊन ती उभ्या स्तंभातील संख्येत रूपांतरित करतात. या रूपांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गुणकातच मापनातील सर्वांत मोठी अनिश्चितता असते. शिवाय स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या एका थरात) नैसर्गिक नायट्रोजन डाय-ऑक्साइड असतो. तो स्वच्छ महासागरांवरील नोंदी व प्रतिमाने (गणिती प्रतिकृती) यांवरून अंदाजून वजा करावा लागतो. अतिप्रदूषित शहरांवर १ चौ. सेंमी. पायाच्या उभ्या स्तंभातील या वायूच्या रेणूंची संख्या १ वर १६ शून्ये इतकी किंवा तीहूनही अधिक असते.

नागरी प्रदूषणाच्या अभ्यासात नायट्रोजन डाय-ऑक्साइडला विशेष महत्त्व आहे. तो मुख्यतः वाहनांची एंजिने, औष्णिक विद्युत् केंद्रे व कारखान्यांच्या भट्ट्या यांतील उच्च तापमानाच्या ज्वलनातून निर्माण होतो. त्याचे वातावरणातील आयुष्य उन्हाळ्यात दिवसा केवळ काही तासांचे असते. त्यामुळे तो उगमापासून फार दूर जात नाही आणि उपग्रहाच्या नकाशावर शहरे व विद्युत् केंद्रे ठिपक्यांप्रमाणे उठून दिसतात. जर्मनीतील श्टेफेन बायर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये रियाध या वाळवंटातील एकाकी महानगराच्या वाताभिमुख व वातविमुख बाजूंकडील प्रमाणांची तुलना करून या वायूचे आयुष्य सु. ४ तास असल्याचे व त्यावरून शहराचे एकूण उत्सर्जनही काढता येत असल्याचे दाखविले. त्यांनीच २००३ मध्ये गोमच्या नोंदींवरून असे दाखविले होते की, यूरोप व अमेरिकेतील शहरांवर रविवारी, तर इझ्राएलवर शनिवारी हे प्रमाण किमान असते. शहरवासीयांच्या विश्रांतीचा दिवस अवकाशातूनही ओळखता येतो, हे या संशोधनाने दिसून आले.

सूक्ष्मकणांचे मापन : २.५ मायक्रोमीटर व त्याहून कमी व्यासाचे कण (पीएम २.५) फुप्फुसांत खोलवर जात असल्याने आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक समजले जातात. भारतात त्यांच्या वार्षिक सरासरीची मर्यादा दर घ. मी. हवेत ४० मायक्रोग्रॅम अशी २००९ मध्ये ठरविण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेले मार्गदर्शक मूल्य ५ मायक्रोग्रॅम आहे. उपग्रह या कणांचे वजन करू शकत नाही. कणांमुळे प्रकाश किती अडतो वा विखुरला जातो ते तो मोजतो व त्यावरून वायुकलिलाची प्रकाशीय जाडी काढतात.

प्रकाशीय जाडी तीच असली, तरी श्वासातील कणांचे प्रमाण फार भिन्न असू शकते. जमिनीलगतची हवा २ किमी. उंचीपर्यंत मिसळत असताना तीत जेवढे कण पसरलेले असतात, तेवढेच कण हिवाळ्यात ५०० मी. उंचीच्या थरात कोंडले, तर जमिनीलगतचे त्यांचे प्रमाण चौपट होते. उपग्रहाला मात्र वरून दोन्ही प्रसंगी स्तंभातील कण सारखेच दिसतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व अधिक प्रकाश अडवितात, म्हणून दमटपणाचाही विचार करावा लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी वातावरणाच्या रासायनिक प्रतिमानावरून प्रकाशीय जाडी व जमिनीलगतचे प्रमाण यांचे गुणोत्तर त्या त्या स्थळासाठी व काळासाठी काढतात. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे आरन व्हॅन डॉन्केलार, रँडल मार्टिन इत्यादींनी २०१० मध्ये या रीतीने २००१–०६ या कालखंडासाठी पीएम २.५ चा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. भारतासाठी दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील साग्निक डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१९ या दोन दशकांची १ किमी. चौकटीची आधारसामग्री तयार केली आहे. अशा सर्व आकड्यांची जमिनीवरील केंद्रांच्या नोंदींशी पडताळणी करावी लागते.

कल ठरविण्याची पद्धती : एका दिवसाच्या नकाशावरून प्रदूषणाच्या कलाविषयी काहीही सांगता येत नाही. वारा, पाऊस व ऊन यांमुळे प्रमाण रोज बदलते. म्हणून ढगाळ चौकटी वगळून मासिक सरासरी काढतात. हिवाळ्यात वाढ व पावसाळ्यात घट असे जे वार्षिक आवर्तन असते ते वेगळे करतात आणि उरलेल्या मालिकेतील दीर्घकालीन चढ वा उतार काढतात. त्याकरिता अनेक वर्षांच्या सलग नोंदी आवश्यक असतात.

एकेका मोजमापात बरीच अनिश्चितता असूनही कल विश्वसनीय का ठरतो, हे एका उदाहरणावरून समजेल. एखादा तराजू नेहमी पाव किलो अधिक वजन दाखवीत असला, तरी त्यावर दरमहा तोललेल्या बालकाचे वजन किती वाढले ते अचूक कळते. त्याचप्रमाणे मापनातील कायम राहणारी चूक दोन वर्षांच्या नोंदींची वजाबाकी करताना नाहीशी होते व गुणकातील कायमची चूक टक्केवारी काढताना गळून पडते. परंतु तराजू मध्येच बदलला, तर हा लाभ राहत नाही. ओमी उपकरणाच्या दृष्टिक्षेत्राचा काही भाग २००७ पासून अडला गेला व पुढे ही अडचण वाढली. त्या भागातील नोंदी वगळल्या नसत्या, तर त्यांतून खोटा कल निर्माण झाला असता. भिन्न चौकटींच्या उपकरणांच्या मालिका जोडतानाही हीच दक्षता घ्यावी लागते. कारण लहान चौकटीत शहराचे शिखर-प्रमाण अधिक उंच दिसते व ते प्रदूषणातील वाढ असल्याचा भास होतो.

प्रमुख निष्कर्ष : आंड्रेआस रिख्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गोम व स्कियामाचीच्या नोंदींवरून चीनच्या औद्योगिक प्रदेशावरील नायट्रोजन डाय-ऑक्साइड १९९६ ते २००४ या काळात सु. ५० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवून दिले. चीनमधील वाढ २०११–१३ च्या सुमारास शिखरास पोहोचली व त्यानंतर विद्युत् केंद्रांतील धूर-शुद्धीकरण आणि २०१३ चा वायुप्रदूषण नियंत्रण आराखडा यांच्या काळात तिचे घटीत रूपांतर झाले. ऑगस्ट २००८ मधील बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी वाहने व कारखाने यांवर तात्पुरते निर्बंध घातले गेले, तेव्हा शहरावरील हा वायू सुमारे निम्म्यावर आला होता.

ब्रायन डंकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओमीच्या २००५ ते २०१४ या काळातील नोंदींवरून जगातील १९५ शहरांचा अभ्यास केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शहरांवर नायट्रोजन डाय-ऑक्साइडमध्ये २० ते ५० टक्के घट आढळली व पश्चिम यूरोपातही मोठी घट दिसली. दक्षिण आशियात मात्र वाढ होत होती. याच अभ्यासात सिरियातील दमास्कस व आलेप्पो या शहरांवरही २०११ नंतर मोठी घट दिसून आली. ती कोणत्याही शुद्धीकरणाची नव्हे, तर यादवी युद्धाने शहरे उद्‌ध्वस्त होऊन लोक परागंदा झाल्याची खूण होती. उपग्रह घट दाखवितो, घटीचे कारण सांगत नाही, या गोष्टीचे हे ठळक उदाहरण होय. यूरोपात २००८–०९ च्या आर्थिक मंदीमुळे झालेली घट व कायद्यांमुळे झालेली घट यांचीही अशीच फोड करावी लागली.

भारत : ऑराच्या नोंदींवरून २००५ नंतर भारतातील कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या परिसरात नायट्रोजन डाय-ऑक्साइड व सल्फर डाय-ऑक्साइड या दोहोंत वाढ झाल्याचे दिसते, सिंगरौली, कोर्बा व तालचेर यांसारखी क्षेत्रे नकाशावर महानगरांइतकीच ठळक दिसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००७ पासून चीनचे सल्फर डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन सु. ७५ टक्क्यांनी घटले, तर भारताचे सु. ५० टक्क्यांनी वाढले.

कोविड साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा दिल्ली व मुंबई या शहरांवरील नायट्रोजन डाय-ऑक्साइड आदल्या वर्षीच्या याच काळाच्या तुलनेने ४० ते ५० टक्क्यांनी कमी झाल्याचे ट्रोपोमीच्या नोंदींत आढळले. याच काळात पूर्व भारतातील औष्णिक केंद्रांवरील ठिपके बरेचसे टिकून राहिले. शहरातील या वायूचा किती वाटा वाहतुकीचा असतो, याचा हा अनपेक्षित प्रयोगच ठरला.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सूक्ष्मकण-प्रदूषण २०१७ च्या तुलनेने २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट प्रथम ठरविण्यात आले. नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढविण्यात आले. या कार्यक्रमातील शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, चंद्रपूर इ. शहरांचा समावेश आहे. ज्या शहरात २०१७ मध्ये केंद्रे थोडी वा मुळीच नव्हती, तेथे घट कोणत्या आकड्यापासून मोजावयाची, हा प्रश्न उपस्थित होतो. मागील वर्षांची हवा आता पुन्हा मोजता येत नाही; परंतु उपग्रहाच्या जुन्या नोंदी सुरक्षित असल्याने त्यांवरून तेव्हाच्या प्रमाणाचा अंदाज करता येतो.

मर्यादा : ढगांखालील हवा या पद्धतीने दिसत नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात उपयुक्त नोंदी फार थोड्या मिळतात. त्यामुळे वार्षिक सरासरी कोरड्या ऋतूकडे झुकते. रात्री सूर्यप्रकाशाअभावी हे मापन होत नाही. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह एका ठिकाणावरून रोज ठरावीक वेळी जातो. ओमी व ट्रोपोमी यांची वेळ दुपारी दीडच्या सुमाराची आहे. त्या वेळी जमिनीलगतची हवा उंचवर मिसळलेली असते. हिवाळ्यातील सकाळी थंड हवेचा थर जमिनीशी कोंडला जाऊन जी दाट प्रदूषित हवा लोक श्वासाबरोबर घेतात, तिची नोंद या उपग्रहांकडून होत नाही. पंजाब व हरयाणात पिकांचे खुंट जाळण्याची वेळ अलीकडच्या वर्षांत दुपारनंतर सरकल्याचे भूस्थिर उपग्रहांच्या नोंदींवरून आढळले आहे. केवळ दुपारच्या नोंदींवर विसंबल्यास आगींची संख्या वास्तवाहून कमी भरते. तसेच रस्त्याची कड व तिच्यामागील वस्ती, किंवा कचरा जळत असलेली जागा व तिच्या शेजारची शाळा, यांतील फरक काही किमी.च्या चौकटीत लोपतो.

भूस्थिर उपग्रह : वेळेची मर्यादा दूर करण्यासाठी सु. ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर कक्षेतून दिवसभर दर तासाला मापन करणारी उपकरणे योजण्यात आली. दक्षिण कोरियाचे ‘जेम्स’ हे उपकरण फेब्रुवारी २०२० मध्ये आशियासाठी, अमेरिकेचे ‘टेम्पो’ एप्रिल २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी व यूरोपचे ‘सेंटिनेल-४’ जुलै २०२५ मध्ये यूरोपासाठी सोडण्यात आले. सकाळची व सायंकाळची वाहतूक आणि उन्हाबरोबर होणारे रासायनिक बदल यांचा अभ्यास त्यांमुळे शक्य झाला आहे. रात्र व ढग यांची मर्यादा मात्र कायम आहे.

उपग्रहीय निरीक्षण व जमिनीवरील मापन ही एकमेकांचे पर्याय नसून परस्परपूरक आहेत. केंद्रावाचून उपग्रहाच्या आकड्यांची पडताळणी होत नाही आणि उपग्रहावाचून केंद्रांमधील विस्तीर्ण रिकामा प्रदेश अज्ञात राहतो. एखाद्या शहराची हवा सुधारली, असे प्रतिपादन केले जाते तेव्हा ती सर्व भागांत सुधारली की केवळ केंद्राभोवती, ती नियंत्रणामुळे सुधारली की चांगल्या पावसाने वा मंदावलेल्या उद्योगांमुळे, याची छाननी दोन्ही मालिका एकत्र ठेवूनच करता येते. अशी छाननी केंद्रे नसलेल्या लहान शहरांतील रहिवाशांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कारण त्यांच्या हवेविषयीचा दीर्घकालीन पुरावा बहुधा उपग्रहांच्या नोंदींतच उपलब्ध असतो.